घशाशी येणारे आंबट पाणी आणि महिन्याचा हिशोब

या महिन्याच्या टपालात पोटाच्या तक्रारींची पत्रे नेहमीपेक्षा जास्त आली. त्यांतली तीन पत्रे एकाच दुखण्याची, म्हणजे छातीत वारंवार होणाऱ्या जळजळीची आहेत आणि त्यांत पैशाची अडचण किंवा स्वस्त औषधाचा प्रश्न मोकळेपणाने मांडलेला आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर थोडा आटोपशीर केला असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. वय ४४. एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी असते. रातपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. गेली सहा वर्षे जेवण झाले की छातीत आग होते आणि आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते. रातपाळीच्या आठवड्यात तर झोपेतून ठसका लागून उठून बसावे लागते. मेडिकलवाल्याने दिलेली कॅप्सूल दोन वर्षांपासून रोज घेतो. बंद केली की तिसऱ्या दिवशी दुप्पट जळजळ होते. कॅप्सूल, बाटलीतले पातळ औषध आणि सोड्याच्या पुड्या मिळून महिन्याला ९०० ते १,००० रुपये जातात. वर्षभरापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. तंबाखूची सवय आहे. घर एका खोलीचे, झोपणे जमिनीवर. एका दवाखान्यात एन्डोस्कोपी करायला सांगितली, पण खर्च ऐकून परत आलो. हे औषध आता जन्मभर घ्यावे लागेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘बंद केली की तिसऱ्या दिवशी दुप्पट जळजळ’ ही ओळ मी दोनदा वाचली, कारण तुमचा बराचसा खर्च या एका ओळीत अडकलेला आहे. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली किंवा अवेळी उघडली की जठरातले आम्ल वर चढते. जठराचे अस्तर आम्ल सोसू शकते, अन्ननलिकेचे सोसू शकत नाही, म्हणून आग होते. तुमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल यांपैकी एखादे औषध असावे. या गटातली औषधे झडप दुरुस्त करत नाहीत, जठरातले आम्ल तयार करणारे पंप बंद ठेवतात. अनेक महिने पंप बंद राहिले की शरीर आम्ल बनवण्याची तयारी वाढवून ठेवते आणि गोळी एकाएकी थांबवली की ते सगळे आम्ल एकदम सुटते. हा उसळून आलेला आम्लाचा भर साधारण दोन आठवडे, काहींना त्याहून अधिक काळ टिकतो. रुग्णाला मात्र वाटते की आपला आजारच बळावला, आणि तो पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

तेव्हा औषध एकदम थांबवू नये. आधी ते नीट घेऊन पाहावे, कारण दोन वर्षे घेऊनही ते तुम्ही योग्य वेळी घेतले असेल याची मला खात्री वाटत नाही. बहुतेक लोक जळजळ सुरू झाल्यावर किंवा जेवल्यानंतर गोळी घेतात आणि तिचा अर्धा गुण वाया घालवतात. आम्लाचे पंप जेवणाच्या वेळी जागे होतात आणि जागा झालेला पंपच हे औषध बंद करू शकते, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते पाऊण तास आधी रिकाम्या पोटी, न चावता घ्यावी लागते. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. एक दिवस घेऊन गुण आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे. ‘सकाळी उपाशीपोटी’ ही सूचना रातपाळीवाल्याच्या कामाची नाही. झोपून उठल्यावर तुम्ही जे पहिले पोटभर जेवण घेता त्याच्या आधी गोळी घ्या. रातपाळीच्या आठवड्यात ती वेळ संध्याकाळी सहा-साडेसहाची येईल, दिवसपाळीत सकाळची.

आता कॅप्सूलच्या वेष्टनाकडे पाहा. नावाच्या शेवटी ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी अक्षरे असतील तर तिच्यात डोम्पेरिडोन हे दुसरे औषधही मिसळलेले आहे. उलटी आणि मळमळ थांबवण्यासाठी ते ठीक आहे, पण रोजच्या जळजळीसाठी बहुतेकांना त्याची गरज नसते. काही जणांत त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि सहसा एका आठवड्यापुरता मर्यादित केला, आणि आपल्याकडे ते दोन-दोन वर्षे चिठ्ठीशिवाय खाल्ले जाते. कॅप्सूल महाग पडते ती बहुधा याच जोडीमुळे. एकदा डॉक्टरांना दाखवून साध्या पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅमची चिठ्ठी घ्यावी आणि औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी. हीच गोळी जनौषधी केंद्रात ब्रँडच्या निम्म्याहून कमी, पुष्कळदा पाव किमतीत मिळते. शासकीय रुग्णालयात जाणे जमत असेल तर तेवढाही खर्च नाही, कारण महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधे निःशुल्क आहेत. रांगेत अर्धा दिवस जातो, हे मान्य. तुमच्यासारख्याला बुडालेली पाळी औषधापेक्षा महाग पडते, म्हणून रातपाळीच्या आठवड्यात सकाळी कारखान्यातून सुटल्यावर तसेच तिकडे जावे.

अशी साधी गोळी योग्य वेळी आठ आठवडे घेतल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उतरवत आणावी. पहिले दोन आठवडे २० मिलिग्रॅम रोज, पुढचे दोन आठवडे दिवसाआड, आणि मग बंद, असा क्रम बहुतेकांना मानवतो. मधल्या काळात जळजळ उसळली तर पातळ औषधाचे दोन चमचे घ्यावेत. त्या बाटलीचे खरे काम एवढेच आहे, कारण तिचा परिणाम तासा-दीड तासापलीकडे टिकत नाही. हे दिवस त्रासाचे जातात, पण ते औषध सुटतानाचे आहेत हे माहीत असले की माणूस निभावून नेतो. सगळ्यांचेच औषध पूर्ण सुटते असे नाही. काहींना कमी मात्रेची गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ती बिनदिक्कत घ्यावी.

सोड्याच्या पुड्या मात्र आजपासून बंद करा. घरच्या खाण्याच्या सोड्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम, म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक, असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून दोन ग्रॅमच्या आत राहावे. पुडीतही मुख्य घटक तोच सोडा असतो. तुम्हाला रक्तदाब आहे. एका हाताने दाबाची गोळी आणि दुसऱ्या हाताने मिठाचा मारा, असा हा व्यवहार चालला आहे.

रक्तदाबाच्या गोळीचे नाव तुम्ही कळवलेले नाही. ती ॲम्लोडिपिन असेल तर ती मधल्या झडपेचा स्नायूही थोडा सैल करते आणि काहींची जळजळ त्यामुळे वाढते. ती मनाने बंद करू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना जळजळीचे सांगा. तितक्याच स्वस्त अशा दुसऱ्या गटातल्या गोळ्या उपलब्ध आहेत.

आता झोपण्याचे. पुस्तकात सल्ला असतो की पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा ते आठ इंच उंच करावा. पलंगच नसलेल्याने काय करावे, हे पुस्तक सांगत नाही. डोक्याखाली उशांवर उशा रचून उपयोग होत नाही, कारण त्याने मान वर जाते, शरीर पोटाशी दुमडते आणि आतला दाब उलट वाढतो. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत सलग हवा. माझ्या एका रुग्णाने, तोही मागावरच काम करणारा, दोन जुन्या वाकळांच्या घड्या घातल्या, त्या एका रिकाम्या पोत्यात पायरी-पायरीने अशा भरल्या की डोक्याकडची उंची वीतभर आणि कमरेकडची जेमतेम दोन बोटे राहील, आणि पोत्याचे तोंड सुतळीने शिवून टाकले. लांबी अडीच फूट. पहिले चार दिवस तो रात्रभर घसरून जमिनीवर यायचा. मग त्याने पायथ्याशी एक गुंडाळलेली चादर अडसर म्हणून ठेवली आणि ठसका लागून उठणे थांबले. खर्च सुतळीचा. या उतारावर डाव्या कुशीवर झोपावे. त्या स्थितीत जठरातले आम्ल झडपेच्या पातळीखाली राहते आणि उजव्या कुशीवर ते झडपेवर येते.

तुमच्या दुखण्याचे मूळ बरेचसे सकाळच्या जेवणात आहे असा माझा अंदाज आहे. रातपाळी करणारी बहुतेक माणसे आठला सुटून वाटेत मिसळ किंवा भजी-पाव आणि चहा घेतात, किंवा घरी येऊन भाकरी-आमटीचे पोटभर जेवण करतात आणि नऊच्या आत आडवी होतात. भरल्या पोटी झोपणे हे या आजाराला सर्वांत जास्त खतपाणी घालते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे आणि तुमच्या बाबतीत ते झोप पुढे ढकलून साधणार नाही, जेवणच मागे सरकवावे लागेल. मोठे जेवण संध्याकाळी कामावर जाण्यापूर्वी, दुसरा डबा रात्री एक-दोनच्या सुमारास, आणि भूक राहत असेल तर पहाटे पाचला अर्धी भाकरी व थोडी भाजी. सुटल्यावर फक्त पाणी आणि झोप. तिखट अमुकच खाऊ नये अशी यादी मी देत नाही, कारण ती माणसागणिक बदलते. ज्याने तुम्हाला त्रास होतो ते तुम्हालाच माहीत असते. तरी तळलेले आणि तेलाचा तवंग असलेले पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, म्हणून ते झोपेच्या जवळ नकोत. रिकाम्या पोटी एकामागून एक घेतलेला चहाही नको.

तंबाखूबद्दल तुम्ही स्वतःच लिहिले आहे, म्हणून उपदेश करत नाही. निकोटीन झडप सैल करते. शिवाय आम्ल धुऊन नेण्याचे काम करणारी लाळ तुम्ही थुंकून टाकता. सोडायची इच्छा असेल तर केंद्र सरकारच्या १८०० ११ २३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.

राहिली एन्डोस्कोपी. गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्त कमी होणे, यांपैकी काही असते तर मी कर्ज काढूनही ती लगेच करा असे म्हटले असते. तुमच्या पत्रात यांतले काही नाही. त्यामुळे आधी वर सांगितलेले आठ आठवडे नेटाने करून पाहणे योग्य ठरेल. त्यानंतरही त्रास कायम राहिला, किंवा गोळी उतरवताना पुन्हा पहिल्यासारखा झाला, तर सहा वर्षांचे दुखणे आणि तंबाखू लक्षात घेता तपासणी टाळू नये. ती खासगी ठिकाणीच करावी लागते असे नाही. कोल्हापूरचे सीपीआर हे शासकीय रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, तिथे चौकशी करावी. आणखी एक गोष्ट, छातीतली आग घाम फुटून, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी, किंवा चालताना वाढणारी असेल, तर तिला पित्त समजून पुडी घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. रक्तदाब आणि तंबाखू असलेल्या माणसाने हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ असून तिला बऱ्याच वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. रात्री थंड दूध आणि सूतशेखर घेते, तेवढ्यापुरते बरे वाटते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी रोज एक-दोन घेते. मशेरी लावण्याची सवय आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हल्ली जिना चढताना तिला दम लागतो. वडिलांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे. दूध आणि सूतशेखर हा स्वस्त उपाय चालू ठेवावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आईंचा सूतशेखर आणि दूध हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो, कारण तुम्ही शेवटी ओघात लिहिलेला दम मला अधिक काळजीचा वाटतो. साठी उलटलेली व्यक्ती, रोजची वेदनाशामक गोळी आणि नव्याने लागणारा दम, हे तीन धागे एकत्र आले की जठरातल्या व्रणातून थोडे थोडे रक्त जात नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक अशा गोळ्या जठराचे संरक्षक अस्तर पातळ करतात, आणि वृद्धांमध्ये व्रण पुष्कळदा फारसे न दुखता रक्त गाळत राहतो. या आठवड्यात जवळच्या शासकीय दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि शौचाचा रंग काळा आहे का हे आईंना स्पष्ट विचारावे. आपल्याकडच्या बायका हे आपण होऊन सांगत नाहीत. दम हृदयाचाही असू शकतो, म्हणून त्याच भेटीत ईसीजी काढावा. हिमोग्लोबिन कमी निघाले तर एन्डोस्कोपी लांबवू नये. घरात जे काही पैसे बाजूला पडले असतील ते खर्च करण्याची ही जागा आहे.

गुडघ्याची ती गोळी तोवर थांबवून, डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल घ्यावे. पॅरासिटॅमॉल जठराला त्रास देत नाही आणि अगदी स्वस्त असते.

थंड दुधाने आम्ल थोडा वेळ निवते हे खरे, परंतु दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल करायला लावतात, आणि झोपण्यापूर्वी पेलाभर दूध घेणे म्हणजे भरल्या पोटी झोपणेच होय. दूध प्यायचेच असेल तर ते संध्याकाळी प्यावे. सूतशेखर हे आपल्याकडे घराघरांत धने-जिऱ्यासारखे वापरले जाते, पण त्याच्या नावातला ‘सूत’ म्हणजे पारा. त्या रसात शुद्ध केलेला पारा आणि गंधक असतात. ते वैद्याने नाडी, वय आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून ठरावीक दिवसांसाठी द्यायचे औषध आहे. मधुमेही व्यक्तीने ते वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेऊ नये. धने-जिऱ्याचे पाणी किंवा बडीशेप घेण्यास माझी हरकत नाही. त्याने दुखणे जात नाही, पण कोणाचे नुकसान झाल्याचेही मी पाहिलेले नाही.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिचे अंश लाळेबरोबर पोटात जातात, त्यामुळे पहिल्या उत्तरात तंबाखूबद्दल लिहिलेले सारे आईंनाही लागू आहे. जी दिवसातून चार वेळा लावली जाते, ती दात घासण्यासाठी नसते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते.

शेवटचा मुद्दा जीवनसत्त्व बी-१२ चा. शाकाहारी आहार, मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या या तिन्ही गोष्टींनी ते कमी होते. डॉक्टरांनी पित्ताची गोळी लांब मुदतीसाठी लिहिली तर बी-१२ बद्दल आठवणीने विचारा. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. आणि दररोज नेसताना परकराची नाडी आवळून बांधण्याची सवय असेल तर ती जरा सैल करायला सांगा. पोटावरचा तो दाब आम्ल वर ढकलतो, आणि हा उपाय फुकट आहे.

प्रश्न : मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मेसचे जेवण आणि रात्रीच्या जागरणामुळे ॲसिडिटी झाली आहे. वडील वर्षानुवर्षे रॅनिटिडीन घेत, मीही तीच गोळी घेऊ का? आणि जनौषधीच्या गोळ्यांत ताकद कमी असते, असे मित्र म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : रॅनिटिडीन घेऊ नये. या औषधात कर्करोगकारक समजला जाणारा एनडीएमए हा अंश सापडल्यावर अमेरिकेच्या नियंत्रकांनी एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले, आणि आपल्याकडेही सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले गेले. दुकानांत ते अजून मिळते, त्याला काय म्हणावे! त्याच गटातले फॅमोटिडीन सुरक्षित आणि स्वस्त आहे. अधूनमधून होणाऱ्या जळजळीसाठी ते पुरेसे असते. मात्र रोज घेतले तर दोनेक आठवड्यांत शरीराला त्याची सवय होऊन गुण कमी होतो, म्हणून ते गरजेपुरतेच ठेवा.

जनौषधीच्या गोळीत तेच औषध तितक्याच मिलिग्रॅममध्ये असते, आणि केंद्रात येण्यापूर्वी प्रत्येक खेपेचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात. किंमत कमी असते ती जाहिरात, प्रतिनिधी आणि दुकानदाराचा मोठा नफा यांचा खर्च त्यात नसल्यामुळे. तुमच्या मित्रांनी गोळी जेवल्यानंतर घेतली असेल तर तिची ‘ताकद’ कमी वाटणारच.

मेस बहुधा रात्री साडेआठ-नऊला असते आणि तुम्ही दोनला झोपता, म्हणजे अंतर पुरेसे आहे. गडबड होते ती मध्यरात्री चहाबरोबर खाल्लेल्या वडापावाने किंवा भुर्जीने. बाराच्या सुमारास भूक लागणारच, तेव्हा मेसमधून दोन पोळ्या बांधून आणाव्यात किंवा मूठभर फुटाणे आणि एक केळे खोलीवर ठेवावे.